रेषा कुठं जाते ते आधी बघा: फोटोत लीडिंग लाइन्स कशा वापरायच्या

तासगाव भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याची शेड भरलेली असतात. लोखंडी रॅक, त्यांवर थरावर थर ताणलेल्या जाळ्या, जाळ्यांवर पसरलेले हिरवट मणी आणि दोन रॅकच्या मधून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. हातात कॅमेरा असेल तर अशा जागेतून पाय निघत नाही. डावीकडच्या कडा, उजवीकडच्या कडा, वरच्या जाळ्या, खालची माती, सगळं धावत जाऊन लांबच्या एका टिंबाला मिळतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तासभर त्या वाटेचे फोटो काढले आणि तिथं मणी पसरणाऱ्या एका अक्कांना मोठ्या आनंदानं स्क्रीन दाखवली. त्यांनी चिकट झालेलं बोट पदराला पुसलं, फोटोतल्या रॅकच्या खालच्या कडेवर ठेवलं आणि कडेकडेनं सरकवत शेवटापर्यंत नेलं. शेवटाला शेडच्या तोंडाचा पांढरा उजेड होता.

"हितं काय हाय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, नुसता उजेड आहे."

"मग एवढ्या लांब कशाला न्यायचं माणसाला?"

लीडिंग लाइन्सबद्दल मला मिळालेला सगळ्यात कामाचा धडा तो. रस्ता, कुंपण, पायऱ्या, सावली अशी एखादी रेषा चौकटीत अशी बसवायची की बघणाऱ्याची नजर तिच्यावरून चालत मुख्य विषयापाशी पोचावी, एवढीच ही युक्ती. ऐकायला सोपी आहे. अडचण अशी की रेषाच इतकी देखणी असते की आपण तिच्यात गुंततो आणि जिथं पोचायचं ते ठिकाण राहून जातं. म्हणून इथं क्रम उलटा ठेवला आहे: आधी मुक्काम, मग वाट. उदाहरणं सगळी सांगली जिल्ह्यातली आहेत, कारण माझं रोजचं फिरणं इथलं, आणि रेषांच्या बाबतीत हा जिल्हा खरोखर श्रीमंत आहे. हातात फोन असो की मोठा कॅमेरा, पद्धत तीच.

पहिली पाच मिनिटं कॅमेरा पिशवीतच

जागेवर पोचल्यावर एक वाक्य मनात पूर्ण करा: "हा फोटो अमक्याचा आहे." इथं "द्राक्षबागेचा" किंवा "नदीचा" असं उत्तर चालणार नाही, ते फार मोघम झालं. "सकाळी वाकून ठिबकची नळी तपासणाऱ्या मामांचा" हे चालेल. "पाण्यात अर्ध्या ओढलेल्या नावेचा" हेही चालेल. विषय माणूसच हवा असं मुळीच नाही. देऊळ, एकटं झाड, बैलगाडी, उन्हाचा एक चौकोनी तुकडासुद्धा पुरतो. नजर तिथं पोचल्यावर थोडा वेळ थांबली पाहिजे, इतकीच अट.

वाक्य जमलं की रेषांची निवड बरीचशी आपोआप होते. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असतात तेव्हा पोत्यांच्या रांगा चारी दिशांना गेलेल्या दिसतात आणि कुठली घ्यावी तेच कळत नाही. पण फोटो 'हळकुंड मोडून बघणाऱ्या हाताचा' आहे असं ठरलं, की त्या हाताकडे जाणारी एकच रांग उरते. बाकीच्या चौकटीबाहेर.

आता पहिला फोटो काढा आणि अक्कांनी घेतली तशी त्याची परीक्षा घ्या. स्क्रीनवर सगळ्यात ठळक रेषा जिथं चौकटीत शिरते तिथं बोट ठेवा आणि रेषेवरून ते सरकवत न्या. बोट विषयावर जाऊन थांबलं तर जागा बरोबर. बोट दुसऱ्या कडेनं चौकटीबाहेर गेलं, तर बघणाऱ्याची नजरही तशीच जाणार. आणि बोट एखाद्या तिसऱ्याच वस्तूवर थांबलं, म्हणजे मागच्या पांढऱ्या टाकीवर किंवा निळ्या ताडपत्रीवर, तर तुमच्या नकळत फोटो त्या टाकीचा झाला आहे. विद्यार्थ्यांना मी दर फोटोनंतर हे करायला लावतो. दहा सेकंदांचं काम आहे, पण त्यानं पुढचे पन्नास वाया जाणारे फोटो वाचतात.

रेषा दिसायला लागण्यासाठी

रस्ता आणि रूळ सगळ्यांनाच दिसतात. न दिसणाऱ्या रेषा जास्त कामाच्या असतात, आणि त्यांची डोळ्यांना सवय लावावी लागते. डोळे किलकिले करून बघा: तपशील पुसट होतो, उजेड-अंधाराच्या सीमा उरतात. फोनमध्ये कृष्णधवल फिल्टर लावून ठेवला तरी तेच साधतं. रंग गेले की बांध, सावल्या, भिंतीची ओल, गर्दीतून पडलेली वाट, सगळं रेघांसारखं दिसू लागतं.

आपल्याकडची मला सगळ्यात आवडणारी रेषा म्हणजे नुकतं पाणी पाजलेली उसाची सरी. लावण लहान असताना, काळ्या रानात, सकाळी. वरंबे काळेभोर आणि मधल्या सऱ्यांत पाणी, पाण्यात आभाळ. पट्ट्यापट्ट्यांनी आभाळच जमिनीवर अंथरल्यासारखं होतं. पण हा खेळ थोड्याच वेळाचा असतो. पाणी मुरलं की उरते ती नुसती ओली माती. दारं धरणारा माणूस कुठल्या बाजूनं पाणी फिरवत येणार आहे ते आधी विचारून घ्या आणि त्याच्या पुढच्या वाफ्यापाशी थांबा. तोच तुमचा विषय आहे आणि तो खोरं घेऊन आपणहून तुमच्या रेषेच्या टोकाला येणार आहे.

काही रेषा तर काढलेल्याही नसतात. एक आजी हातातल्या पणतीकडे बघतेय, तर तिच्या डोळ्यांपासून पणतीपर्यंत एक रेषा असते आणि बघणारा ती पाळतो. दाखवणारं बोट, वळलेली मान, एका ओळीत बसलेले बगळे, या सगळ्या तशाच. अशी नजरेची रेषा एखाद्या खऱ्या रेषेला छेद देत असेल तर बहुधा नजरच जिंकते. म्हणजे वाट डावीकडे नेतेय आणि वाटेवरचं पोर उजवीकडे बघतंय, तर बघणारा पोराबरोबर उजवीकडे जाणार. पोरगं वळेपर्यंत थांबा.

उंची आणि बाजू: द्राक्षबागेतला मुख्य धडा

इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. "खाली बसून काढा, रेषा जोरदार येतात" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

वाय सांगाड्याची, म्हणजे इंग्रजी Y सारख्या आधारांवर वेल चढवलेली बाग डोळ्यांपुढे आणा. दोन ओळींच्या मध्ये नऊ-दहा फुटांची पट्टी. खाली बुंध्यांच्या कडेनं गेलेली ठिबकची नळी. वर दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारा आणि त्यावर पसरलेला वेल, समजा साडेसहा फुटांवर. या पट्टीच्या मधोमध उभे राहा. सगळ्या रेषा लांब एका बिंदूला मिळताना दिसतात. जमीन सपाट असेल तर तो बिंदू नेहमी तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर असतो. कॅमेरा खाली नेला की बिंदूही खाली येतो, वर नेला की वर जातो. कॅमेऱ्यापेक्षा उंच असलेल्या रेषा त्या बिंदूकडे उतरत येतात, खालच्या रेषा चढत जातात, आणि नेमकी कॅमेऱ्याच्या उंचीवर असलेली रेषा आडवी, सपाट पडते. तिच्यात नजर ओढण्याची ताकद जवळजवळ उरत नाही.

आता आकडे घालून बघू. कॅमेरा पाच फुटांवर, म्हणजे उभं राहून डोळ्यांशी. वरची तार त्याच्यापेक्षा फक्त दीड फूट उंच आणि साडेचार फूट बाजूला. फोटोत ती साधारण १८ अंशांनीच उतरते, लोळल्यासारखी. त्याच वेळी जमिनीवरची नळी पाच फूट खाली आणि साडेचार फूट बाजूला, ती साधारण ४८ अंशांनी चढते. म्हणजे उभं राहून काढलेल्या फोटोत जमीन ओढते. आता उकिडवे बसून कॅमेरा दीड फुटावर आणा. हिशेब बरोबर उलटा होतो: तारा ४८ अंशांनी छपरासारख्या उतरतात आणि नळी १८ अंशांवर लोळते.

नियम एवढाच: ज्या रेषेकडून काम करून घ्यायचंय, तिच्या उंचीपासून कॅमेरा लांब न्या. वेलांचा मांडव ओढायला हवा असेल तर बसा. नळी, सरी, पाऊलवाट ओढायला हवी असेल तर उभे राहा, हात वर करा, बांधावर चढा. उसाच्या सऱ्यांचे फोटो बसून काढले की सऱ्याच नाहीशा होतात आणि नुसती माती दिसते. "सर, बसून काढला तरी जमेना" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा हीच असते.

दुसरी चावी म्हणजे बाजू. मधोमध उभं राहिलात तर दोन्ही ओळी सारख्या ओढतात, फोटो तराजूसारखा तोलला जातो, आणि विषयही मधोमधच ठेवावा लागतो. देवळाचा मंडप असेल तर ते शोभतं. बागेत ते लवकर कंटाळवाणं होतं. दोन पावलं डावीकडे सरका, डाव्या ओळीला जवळजवळ खांदा लावून उभे राहा. डावीकडच्या रेषा उभ्या, धारदार होतात, उजवीकडच्या मवाळ पडतात. आता एक बाजू वाट दाखवते आणि दुसरी बाजू नुसती सोबत करते. विषयाला उजवीकडे मोकळी जागा मिळते.

याच जागी झूम किंवा लेन्स बदलून बघा. एक गोष्ट लक्षात येईल: रेषेचा कल तसाच राहतो. सरळ पुढं चालत गेलात तरी तो बदलत नाही. लेन्सनं फक्त ती रेषा किती जवळपासून चौकटीत येते ते ठरतं. कल बदलायचा तर गुडघे वाकवा किंवा बाजूला सरका.

एकदा असाच डावी-उजवीकडे सरकत असताना बागेचे मालक मागं येऊन उभे राहिले. "काय हरवलंय व्हय?" त्यांनी काळजीनं विचारलं. मी म्हटलं, "नाही मामा, जागा शोधतोय." ते म्हणाले, "मग हितनं बघा की," आणि मला ओळीच्या टोकाच्या डांबापाशी घेऊन गेले. डांबाला ताण देणारी जाड तार तिथं जमिनीतून तिरकी वर येते आणि सगळ्या तारांना जाऊन मिळते. एक रेषा खालून शिरते आणि वर गेल्यावर तिच्या पाच-सहा होतात. जागा त्यांनी माझ्यापेक्षा चांगली निवडली होती. ज्याचं रान आहे त्याला विचारायला कधीही संकोच करू नका.

बागेत जाताना परवानगी घ्याच. फवारणी चालू असेल तर त्या दिवशी आत जाऊ नका. घडांना हात लावू नका. मण्यांवर जी पांढुरकी झाक असते ती बोटानं पुसली जाते, आणि ती गेली की मालाचा रुबाब जातो. हंगामाचंही बघा: खरड छाटणी किंवा ऑक्टोबर छाटणी झाली की पानं नसतात, सांगाड्याच्या तारा उघड्या दिसतात आणि रेषांसाठी बाग सगळ्यात स्वच्छ असते. डिसेंबर-जानेवारीत मांडव भरतो. तेव्हा तारा लपतात, पण पानांतून गाळून जमिनीवर उन्हाचे तुकडे पडतात, ते वेगळं.

विषय किती लांब ठेवायचा

रेषा एका बिंदूला मिळतात म्हणून माणसालाही त्या बिंदूवर उभं करायचं, ही फार मोठी चूक मी वर्षानुवर्षं बघतोय. तिथं माणूस मुंगीएवढा होतो. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिलिमीटरच्या लेन्सइतकं रुंद बघतो. फोन आडवा धरला तर पाच मीटरवरचा माणूस चौकटीच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश दिसतो, दहा मीटरवर एक षष्ठांश, वीस मीटरवर बारावा हिस्सा. फोनवर फोटो बघणाऱ्याला बाराव्या हिश्शातला चेहरा दिसतच नाही.

म्हणून माणूस रेषेच्या शेवटाला नको, रेषेवर हवा. पाच ते आठ मीटरवर, दोन्ही बाजूंच्या रेषा त्याच्या मागं जाऊन मिळतील असा. त्याचं डोकं मिलनबिंदूच्या आसपास आलं तर उत्तम. ते कसं जमवायचं ते वर आलंच आहे: सपाट जमिनीवर कॅमेरा त्याच्या डोक्याच्या उंचीला नेला की बिंदू आपोआप तिथं येतो. बसून काम करणाऱ्या बाईचा फोटो असेल तर तुम्हीही बसा. बेदाण्याच्या शेडमध्ये मी दुसऱ्या खेपेला हेच केलं. अक्का सहा पावलांवर, मी त्यांच्याइतकाच खाली, आणि मागचा उजेड त्यांच्या डोक्याआड.

०.५ एक्सचा फार रुंद कॅमेरा अशा वेळी जपून वापरा. त्यात जवळची रेषा भव्य होते, पण विषय आणखी अर्ध्यानं लहान होतो आणि कडेची माणसं ताणली जातात. रेषेलगत हातभर अंतरावर उभे राहणार असाल आणि विषय तीन मीटरच्या आत असेल तरच तो कामाचा. उलट टोकाला, दोन-तीन पट झूमनं लांबच्या सऱ्या एकमेकींवर रचल्यासारख्या दिसतात. खोली कमी होते, नक्षी वाढते. दंडोबाच्या डोंगरावरून खालची रानं बघताना मी झूमच वापरतो.

घाटाच्या पायऱ्या

सांगलीत सरकारी घाटावर जा. पायऱ्यांच्या समोर पाण्याकडे तोंड करून उभं राहून फोटो काढला तर पायऱ्या आडव्या पट्ट्यांसारख्या येतात आणि नजरेला प्रत्येक पट्टीवर अडवतात. आडव्या रेषा नेत नाहीत, थांबवतात. आता घाटाच्या एका टोकाला जा आणि पायऱ्यांच्या लांबीच्या दिशेनं तिरकं बघा. त्याच पायऱ्या एकदम धावायला लागतात. आठ-दहा समांतर कडा तिरक्या होत लांब जातात आणि त्यांच्या खालच्या अंगाला नदी असते. कपडे पिळणारी बाई, पाण्यात पाय सोडून बसलेली पोरं, टोकाशी बांधलेली नाव, कुठलाही मुक्काम इथं मिळतो.

किती तिरकं? पायऱ्यांशी अगदी समांतर बघितलं तर सगळ्या कडा चिकटून एक होतात. पंचेचाळीस अंशांपासून सुरुवात करा आणि एकेक पाऊल सरकत कडांमधल्या फटी पुरेशा उघड्या राहतील तिथं थांबा.

त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर पणत्या लागतात तेव्हा काम आणखी सोपं होतं, कारण रांग स्वतःच उजळलेली असते. अंधार पूर्ण पडायची वाट बघू नका. सूर्य मावळल्यावरच्या वीस-पंचवीस मिनिटांत आभाळात निळाई असते, तेव्हाच पायऱ्यांचा दगडही दिसतो आणि ज्योतही. फोनवर ज्योतीवर बोट दाबून धरून एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) लॉक करा आणि थोडं कमी करा, नाहीतर पणत्यांच्या जागी पांढरे डाग येतील.

वळणाच्या रेषेसाठी हरिपूरला संगमावर जा. कृष्णा आणि वारणा मिळतात तिथं काठाच्या रेषा सरळ नसतात, त्या डुलत येतात. वळणदार रेषा नजरेला सावकाश नेते. म्हणून विषय लहान असला तरी चालतो: बघणारा वाटेतच रमलेला असतो. अशा फोटोत घाई करून झूम करू नका, वळण पूर्ण येऊ द्या. अर्धं कापलेलं वळण तुटलेल्या बांगडीसारखं दिसतं.

आयर्विन पूल आणि उजेडाची वेळ

१९२९ सालचा आयर्विन पूल सांगलीकरांच्या फोटोंत सगळ्यात जास्त आलेली वास्तू असावी, आणि बहुतेक फोटोंत तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवा पडलेला असतो. घाटाबद्दल जे सांगितलं तेच इथं. पुलाच्या जितकं जवळ काठावर जाल तितकी त्याची रेषा तिरकी होते, जवळचा खांब मोठा आणि पुढचे लहान होत जातात, आणि पूल सांगलवाडीच्या काठाकडे नेऊ लागतो.

गाव नदीच्या पूर्व काठावर आहे. त्यामुळे घाटावरून बघताना सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि संध्याकाळचं समोरून. सकाळी दगडाचा रंग आणि पोत मिळतो, संध्याकाळी पूल काळा आणि पाणी सोनेरी. रेषांसाठी मला संध्याकाळ बरी वाटते, कारण तपशील गळून नुसता आकार उरतो. पण मग विषयसुद्धा आकारानंच ओळखू यायला हवा: सायकलवाला, वल्हं मारणारा, डोक्यावर पाटी घेतलेली बाई. चेहऱ्याचा फोटो काढायचा असेल तर सकाळीच या.

भर दुपारी सावली पायाखाली असते, रेषा मरतात. कोवळ्या उन्हात प्रत्येक डांब, प्रत्येक वरंबा स्वतःची एक लांब सावली टाकतो आणि एका रेषेच्या दोन होतात.

पावसाळ्यात एक पथ्य पाळा. पुलापाशी पाण्याची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ फुटांवर धोका, हे इथं पोरासोरांनाही पाठ आहे. २००५ आणि २०१९ चे महापूर पाहिलेल्या गावाला वेगळं सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्यांना सांगतो: पाणी चढत असताना घाटाच्या पायऱ्यांवर उतरू नका. शेवाळलेल्या पायरीवर एक डोळा मिटून मागं सरकणं एरवीसुद्धा धोक्याचं आहे.

फोकस आणि सेटिंग

रेषा जवळून सुरू होते, विषय लांब असतो आणि दोन्ही स्वच्छ हवेत. फोनवर याची चिंता जवळजवळ नाही. छोट्या सेन्सरमुळे बरंच काही आपोआप फोकसमध्ये येतं. विषयावर बोट टेका, पुरे. क्रॉप सेन्सरच्या (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरची लेन्स आणि एफ ८ हे छिद्र ठेवून साधारण दोन मीटरवर फोकस केलात तर एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं समाधानकारक स्वच्छ येतं. यापेक्षा जवळची रेषा हवी असेल तर एफ ११. शेडमध्ये उजेड कमी असतो आणि हात सतत हलत असतात. तिथं शटरचा वेग १/१२५ सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. थोडे दाणे दिसले तरी चालतात, हललेला हात चालत नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करून ठेवा. क्षितिज वाकडं असलं की सगळ्या रेषा एका अंगाला सांडतात.

चौकटीच्या कडा

शटर दाबायच्या आधी नजर चारी कडांवरून एकदा फिरवा. रेषा कुठून शिरते? खालच्या कडेतून किंवा कोपऱ्याच्या जरा बाजूनं शिरली तर छान. नेमक्या कोपऱ्यातून शिरली तर फोटोचे दोन तुकडे झाल्यासारखे वाटतात. निदान मला वाटतात, काही चांगले फोटोग्राफर हे मानत नाहीत. रेषा चौकटीच्या मध्येच कुठंतरी सुरू होत असेल तर मागं सरका किंवा फोन खाली झुकवा. वाटेला दार हवं.

मग गळती शोधा. विजेची तार, रस्त्याचा पांढरा पट्टा, भिंतीची वरची कड, यांतली एखादी नजरेला हळूच बाहेर घेऊन जात असते. तिच्या वाटेत काहीतरी उभं करा: झाडाचा बुंधा, उभी सायकल, दाराची चौकट. शेतात लिंबाची एक फांदी वरच्या कोपऱ्यात घेतली तरी विजेची तार अडते.

मिरज जंक्शनबद्दल हमखास विचारणा होते. रुळांवर उतरून फोटो काढू नका. तो रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे, आणि रुळांच्या मधोमध उभ्या माणसाला मागून येणारी गाडी वाटते त्यापेक्षा फार उशिरा कळते. पादचारी पुलावरून फलाटाची पिवळी कड, छपरांच्या रांगा आणि उभ्या डब्यांची ओळ मिळते. वर सांगितलेल्या उंचीच्या नियमानं ती रुळांतून दिसली असती त्याहून चांगलीच दिसते.

घरी आल्यावर

पहिल्यांदा क्षितिज सरळ करा. मग क्रॉप, आणि तो जपून: खालून कापताना रेषेचा प्रवेशच कापला जातो. विषय लहान वाटतोय म्हणून कापायचं असेल तर वरून आणि रिकाम्या बाजूनं कापा.

त्यानंतर उजेड. पूर्ण फोटो उजळवू नका. विषयाभोवती थोडा उजेड वाढवा आणि कडांवर थोडा कमी करा, बघणाऱ्याला कळणार नाही इतकाच. रेषेवरची एखादी भडक वस्तू, लाल बादली किंवा चमकणारं भांडं, तिचा रंग जरा उतरवा. पुसून टाकू नका. ती बादली तिथं होती.

शेवटची तपासणी म्हणून फोटो उलटा फिरवून बघा, आभाळ खाली. ओळखीचे आकार नाहीसे होतात आणि नजर खरोखर कुठं जाते तेवढंच उरतं. ती अजूनही विषयावर जात असेल तर चार बाय सहाची प्रत छापा आणि फोटोतल्या माणसाला नेऊन द्या. अक्कांना त्यांचा फोटो दिला तेव्हा त्यांनी आधीसारखंच बोट रॅकच्या कडेवर ठेवलं. या वेळी ते सहाव्या जाळीपाशी थांबलं.

"ही मी," त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि प्रत ब्लाउजच्या खिशात न घालता रॅकच्या कोरड्या लोखंडावर उभी करून ठेवली.